माहेरच्या तिकिटाचे पैसे : खाण, स्थलांतर आणि घरातली वाटाघाट

#थ्रेड #इतिहास #चंद्रपूर

१/
माझी आजी सिंदेवाहीकडच्या धानपट्ट्यातली. लग्न होऊन ती घुग्घुसला आली आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे तिने एका कोळसा खाणीच्या पृष्ठभागावर काम केले. कोळशातून दगड निवडणे, टोपल्या भरणे, वाहणे. पुढे तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तिच्या बदल्यात माझे काका नोकरीला लागले. घरात हा प्रसंग नेहमी आनंदाचा म्हणून सांगितला जातो. गेल्या दिवाळीत मी तिला विचारले, "आजी, यंदा भाऊबीजेला माहेरी का नाही गेलीस?" ती म्हणाली, "नोकरी त्याले देल्ली, मंग तिकिटीले पैसे मागाले कोण जाते?"

२/
या एका वाक्यामुळे हा थ्रेड लिहीत आहे. ज्या बाईच्या पगारावर घर उभे राहिले, तिला एसटीच्या तिकिटासाठी कोणापुढे हात पसरावा लागणे, हा केवळ स्वभावाचा किंवा संस्कारांचा प्रश्न आहे का? की त्यामागे एखादी रचना आहे, जिचा इतिहास शोधता येतो? अर्थशास्त्रात या प्रश्नाला स्वतंत्र शाखा आहे : कुटुंबातील वाटाघाटीचे सामर्थ्य. आज ती शाखा हाताशी घेऊन वर्धा खोऱ्यातील कोळशाचा इतिहास वाचू. थ्रेड लांब आहे, सावकाश वाचावा.

३/
आधी सिद्धान्त. दीर्घकाळ अर्थशास्त्र घराकडे एकच व्यक्ती असल्याप्रमाणे पाहत होते. घराला एक इच्छा, एक तिजोरी, एक हित. गॅरी बेकर यांच्या १९८१ च्या 'अ ट्रीटाइज ऑन द फॅमिली' या ग्रंथातला कुटुंबप्रमुख सर्वांचे भले पाहतो, आणि म्हणून पैसा कोणाच्या हातात पडतो याने फारसा फरक पडत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हे वाचून हसू येईल. आपल्याकडे किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे यावरून घरातले राजकारण ओळखले जात असे.

४/
१९८० मध्ये मेरिलिन मॅन्सर आणि मरे ब्राउन यांनी, तर १९८१ मध्ये मार्जोरी मॅकएलरॉय आणि मेरी जीन हॉर्नी यांनी वेगळी मांडणी केली. जॉन नॅश यांनी १९५० मध्ये मांडलेला वाटाघाटीचा सिद्धान्त त्यांनी घराला लावला. नवरा-बायको एकत्र राहतात, कारण त्यात दोघांचा लाभ आहे. मात्र त्या लाभाची वाटणी कशी होणार, हे एका गोष्टीवर ठरते : बोलणी फिसकटली, तर कोणाकडे काय उरते? ज्याच्याकडे अधिक उरते, त्याचा शब्द घरात अधिक चालतो. त्याने ती धमकी कधी उच्चारण्याचीही गरज नसते.

५/
या 'फिसकटल्यास उरणाऱ्या जागे'ला इंग्रजीत लांबलचक पारिभाषिक नावे आहेत. मराठीत त्यासाठी एक जुना शब्द आहे : माहेर. जिचे माहेर भक्कम, जवळ आणि तिला परत घ्यायला तयार, तिच्याशी सासर जपून वागते. जिचे माहेर तुटले, ती मुकाट्याने सोसते. आपल्या ओव्यांत माहेराला इतकी जागा का, याचे उत्तर केवळ हळवेपणात शोधू नये. माहेर ही तिच्यासाठी एक भौतिक तरतूद होती.

६/
१९९३ मध्ये शेली लुंडबर्ग आणि रॉबर्ट पोलक यांनी यात दुरुस्ती सुचवली. दरवेळी धमकी घर सोडण्याची नसते. बहुधा दोघे एकाच छताखाली राहून आपापल्या ठरीव कामापुरते मागे सरकतात. आपण त्याला 'अबोला' म्हणतो. अबोल्यात ज्याच्या हाती रोकड असते तो जास्त दिवस टिकतो. तेव्हा माहेर आणि रोकड, हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. पुढचा सगळा इतिहास या दोहोंभोवती फिरतो.

७/
आता स्थलांतर. 'स्थलांतरित' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वळकटी घेतलेला पुरुष उभा राहतो. पण २०२०-२१ च्या केंद्रीय श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील स्त्रियांपैकी ४७.९ टक्के स्थलांतरित होत्या, पुरुषांपैकी केवळ १०.७ टक्के. आणि स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांच्या स्थलांतराचे कारण होते लग्न. या देशातील सर्वांत मोठे स्थलांतर वरातीबरोबर होते, आणि त्यात स्थलांतर करणारी व्यक्ती आपली 'उरणारी जागा' मागे ठेवून निघते.

८/
हे सर्वत्र असेच असावे असा निसर्गनियम नाही, आणि त्याचा पुरावा आमच्याच जंगलात आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात गोंडांमधील 'लमसेना' प्रथेची नोंद आहे. वधूमूल्य देण्याची ऐपत नसलेला मुलगा काही वर्षे भावी सासऱ्याच्या घरी राहून राबतो आणि मग लग्न होते. इथे गाव सोडणारा, परक्या घरात पारखला जाणारा पुरुष असतो. यावरून गोंड स्त्रीला सर्व अधिकार होते असा निष्कर्ष काढू नये. जमिनीचा वारसा तिथेही बहुधा पुरुषांकडेच जाई, आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तरीही, कोण कोणाच्या घरी जातो ही गोष्ट समाजाने ठरवलेली असते, एवढे त्यातून दिसते.

९/
दुसरे उदाहरण कोकणाचे. मुंबईच्या गिरण्यांनी रत्नागिरीचे पुरुष नेले, बायका मागे राहिल्या. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. तेव्हा राज्याचे प्रमाण ९२९ होते. नवरा दूर म्हणजे बायको घरची धनीण, असे वाटेल. पण १८८० मध्ये टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली आणि प्रश्न उभा राहिला : ती कोणाच्या नावाने येणार? सासऱ्याच्या नावाने आली, तर सुनेच्या वाट्याला शेतीची राबणूक तेवढी वाढली. तिच्या नावाने आली, तर अंगठा तिचा आणि निर्णयही काही अंशी तिचा. स्थलांतर तेच, रक्कम तीच. पावतीवरचे नाव बदलले की घर बदलते.

१०/
आता आपल्या गावाकडे येऊ. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशावर टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा सविस्तर भूगर्भशास्त्रीय ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली; तोवर बल्लारपूरकडे काम सुरू झालेले होते. घुग्घुस याच पट्ट्यातले, वणीच्या वाटेवरचे. ज्या मुलखात धान, मोहफूल आणि जंगल यांवर वर्ष निघे, तिथे अचानक वर्षभर मजुरी देणारी विवरे उघडली. माणसे आली : तेलुगू मुलखातून, छत्तीसगडकडून, आणि आमच्यासारखी धानपट्ट्यातून. घुग्घुसच्या बाजारात आजही मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदी सहज कानावर पडते ती त्यामुळे.

११/
या स्थलांतराची एक विशेषता होती. गिरणीने पुरुष एकटा बोलावला. त्या काळच्या कोळसा खाणीने अनेकदा जोडपे बोलावले. राणीगंज-झरियाच्या पट्ट्यात ही पद्धत सर्वांत रुजलेली होती : नवरा कोळसा फोडणार, बायको तो भरून वाहणार. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय कोळसा खाणींतील मजुरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण ढोबळमानाने एक तृतीयांश होते. मध्य प्रांताच्या खाणीही याला अपवाद नव्हत्या. भूगर्भात स्त्रिया तिथेही उतरत होत्या.

१२/
मजुरी टबावर मिळे. टब म्हणजे रुळांवरची कोळशाची गाडी. एक टब भरला की अमुक दर. फोडणारा आणि भरणारी, दोघांच्या घामाचा हिशेब एकाच आकड्यात होई, आणि तो आकडा साधारणतः पुरुषाच्या हातात पडे. आता अमर्त्य सेन यांचा १९९० चा लेख आठवावा. ते म्हणतात, वाटाघाटीत प्रत्यक्ष योगदानाइतकेच 'मानले गेलेले' योगदानही निर्णायक ठरते. टब दोघांनी भरला. मानला गेला तो एकाचा. बाई कमावती होती, पण तिच्या कमाईला तिचे नाव नव्हते. 'स्त्री कमावू लागली की तिला घरात मान मिळतो' हे विधान इथे अडखळते. कमाई हाती येणे ही दुसरी पायरी आहे, आणि ती पहिलीबरोबर आपोआप चढली जात नाही.

१३/
मग कायदा आला. १९२९ च्या नियमांनी भूगर्भात स्त्रियांना मनाई केली. बंगाल, बिहार-ओरिसा आणि मध्य प्रांत येथील कोळसा खाणींना मात्र एकदम बंदी झेपणार नाही म्हणून टप्प्याटप्प्याने, १९३९ पर्यंत, स्त्रियांची संख्या शून्यावर आणण्याची सवलत होती. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने यासंबंधीचा करार स्वीकारला आणि भारतातील बंदी मुदतीआधीच, १९३७ मध्ये पूर्ण झाली. हेतू मानवतेचाच होता. छत कोसळणे, पाणी भरणे, गर्भारपणात ओझी वाहणे, या गोष्टी खोट्या नव्हत्या.

१४/
पण घराच्या हिशेबात काय झाले? टबातून बायकोचा हात गेला. नवऱ्याला बाहेरचा भरणारा शोधावा लागला आणि त्याला वाटा द्यावा लागला. घराचे उत्पन्न घटले. भूगर्भातून निघालेल्या बाईला पृष्ठभागावर काम मिळाले तर ते कमी मजुरीचे, नाहीतर काहीच नाही. आणि तिचे माहेर आता पन्नास-शंभर मैलांवर. शेताची रोवणी, तेंदूपत्ता, मोहफूल, ही गावाकडची तिची स्वतःची छोटी कमाईची साधने ती मागे टाकून आली होती. खाणीच्या चाळीत तिच्याकडे ना जंगल होते, ना टब. जिवाची सुरक्षा वाढली. त्याच वेळी बोलणी फिसकटल्यास उरणारी जागा आक्रसली. एकाच कायद्याची ही दोन फळे आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही मोजली पाहिजेत.

१५/
दुसरे महायुद्ध आले. रेल्वे, कारखाने, फौज सर्वांना कोळसा हवा होता आणि मजूर खाणी सोडून लष्करी बांधकामांकडे जात होते. तिथे मोकळ्या हवेत काम आणि जोडप्याने मजुरी. ऑगस्ट १९४३ मध्ये भूगर्भातील बंदी उठवण्यात आली, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ती सर्वप्रथम उठली आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. बंगाल-बिहारचा क्रम त्यानंतर लागला. सहा वर्षांपूर्वी ज्या बाईला 'तुझी जागा वर आहे' असे सांगितले गेले, तिला आता पुन्हा खाली बोलावले गेले. दोन्ही वेळा तिला कोणी विचारल्याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही.

१६/
या निर्णयावर ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात चर्चा झाली. रेणुका राय यांच्यासारख्या सदस्यांनी बंदी उठवण्यास तीव्र विरोध केला. सरकारतर्फे उत्तर देणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी हा निर्णय आणीबाणीचा आणि तात्पुरता असल्याचे सांगितले. पण त्यांच्या भाषणातील एक मुद्दा आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे : भूगर्भात काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी देण्याची अट सरकारने घातली होती. समान कामाला लिंगनिरपेक्ष समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१७/
आंबेडकरांच्या समर्थनात आणि रेणुका राय यांच्या विरोधात कोण बरोबर, असा सामना लावण्यात अर्थ नाही. राय शरीराच्या सुरक्षेकडे बोट दाखवत होत्या. समान वेतनाच्या अटीत कमाईला तिचे स्वतःचे माप देण्याची शक्यता होती. ती शक्यता फार काळ टिकली नाही. युद्ध संपले आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. पुढे १९५२ च्या खाण कायद्याने ती कायम केली. पृष्ठभागावरही स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत काम करता येईल असे ठरले. पाळ्यांवर चालणाऱ्या उद्योगात एवढ्याच वेळेची कामगार ठेवणे व्यवस्थापनाला गैरसोयीचे वाटू लागले, यात नवल नाही.

१८/
याच युद्धकाळात खाणींनी दुसरा मार्गही धरला : गोरखपूरकडून पुरुषांच्या तुकड्या आणणे. शिस्तीच्या छावण्या, सामुदायिक भटारखाना, ठरावीक मुदत, आणि कुटुंब मागे. म्हणजे एकाच उद्योगात स्थलांतराचे दोन नमुने शेजारी-शेजारी चालले : जोडप्याचे आणि एकट्या पुरुषाचे. पहिल्यात बाईचे श्रम दिसत पण मजुरी विरघळत असे. दुसऱ्यात बाई शेकडो मैलांवर, मनिऑर्डरीच्या शेवटच्या टोकाला. दोन्ही नमुने खाणीच्या सोयीने आखलेले होते.

१९/
१९७३ मध्ये बिगर-कोकिंग कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी स्थापन झाली. ठेकेदाराच्या मर्जीवरचा मजूर कायम नोकर झाला. क्वार्टर, दवाखाना, भविष्य निर्वाह निधी, वेतन करार. हा बदल प्रचंड होता आणि त्याची किंमत कमी लेखू नये. आमच्या घरातील पहिली पदवी त्यातूनच आली. परंतु या सुरक्षित नोकरीचे एक वैशिष्ट्य असे, की ती हळूहळू वतनासारखी झाली. वतन म्हटले की वारसाचा प्रश्न आला. आणि वारस म्हटले की आपल्याकडे कोणाचे नाव आधी येते, हे सांगायला नको.

२०/
तीन वाटा पाहा. पहिली : जमिनीच्या बदल्यात नोकरी, साधारण दोन एकरांमागे एक. सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाचे नाव, म्हणून नोकरी मुलाला. दुसरी : कामगार मेल्यास आश्रिताला नोकरी. राष्ट्रीय कोळसा वेतन करारात बराच काळ अशी तरतूद होती, की बारा वर्षांवरील मुलाचे नाव यादीत राखून ठेवायचे आणि तो अठरा वर्षांचा होईपर्यंत विधवेला दरमहा रक्कम द्यायची. म्हणजे बाई ही दोन पुरुषांच्या मधला पूल. तिसरी : महिला कामगाराने स्वेच्छानिवृत्ती घेतली तर तिच्या मुलाला नोकरी, अशा योजना कोळसा उद्योगात वेळोवेळी आल्या. माझी आजी या तिसऱ्या वाटेने घरी आली.

२१/
आता तिच्या वाक्याकडे परत या. नोकरीत असताना पगाराच्या दिवशी पैसे तिच्या हातात येत. आजोबांशी भांडण झाले तर ती दोन दिवस बोलत नसे, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने एसटीत बसून सिंदेवाहीकडे निघून जाई. आजोबा आठवड्याने आणायला जात. घरात हे विनोदाने सांगतात. लुंडबर्ग-पोलक यांचा अबोला आणि नॅश यांची उरणारी जागा, दोन्ही त्या विनोदात आहेत. निवृत्तीनंतर घराचे एकूण उत्पन्न वाढले, कारण काका तरुण होते आणि पुढे बढती होती. बेकर यांच्या हिशेबाने घर सुधारले. तिच्या हिशेबाने माहेर दूर गेले. काका वाईट नाहीत. मागितले तर देतात. 'मागितले तर' हे दोन शब्द मात्र पूर्वी त्या घरात नव्हते.

२२/
'पैसा आईच्या हातात की बापाच्या, काय फरक पडतो?' असे म्हणणाऱ्यांसाठी एक प्रसिद्ध अभ्यास. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीची सवलत वडिलांच्या कर-वजावटीतून काढून आईच्या हाती रोख दिली जाऊ लागली. लुंडबर्ग, पोलक आणि वेल्स यांनी १९९७ मध्ये दाखवले, की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली, नवऱ्याने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावा म्हणून. तिच्यामागेही हेच तर्कशास्त्र होते, भाषा वेगळी होती इतकेच.

२३/
मग घरात बळ कमी पडले की बाया काय करतात? बीना अग्रवाल यांचे उत्तर असे, की वाटाघाट एकट्या घरात होत नाही. ती बाजारात, समाजात आणि राज्यसंस्थेपुढेही होते. चंद्रपूरने याचा धडा दिला आहे. पगार झाला की रक्कम दारूच्या दुकानात जाते, हे इथल्या बायकांचे जुने दुखणे. डिसेंबर २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या नेतृत्वाखाली शेकडो स्त्रिया चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी यशस्वी की अयशस्वी हा वाद स्वतंत्र आहे. इतिहास म्हणून पाहता, घरात एकटीने न जिंकता येणारा वाद त्या रस्त्यावर घेऊन आल्या, हे महत्त्वाचे.

२४/
शेजारच्या गडचिरोलीत आणखी एक वाट दिसते : जावेच लागू नये, अशी. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आला. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने; त्या सभेत स्त्रिया बसतात. ज्या गावांना असा आधार नाही, तिथली कुटुंबे दर उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांपैकी कित्येक जण जंगलवाटांनी चालत परतले. बाई गावातच स्वतःच्या नावाने कमावते, तेव्हा तिची कमाई आणि तिचे माणूसबळ एकाच ठिकाणी राहतात. परमुलखात मुकादमाच्या वहीत पुन्हा जोडप्याचाच हिशेब लिहिला गेला, तर टबाची गोष्ट नव्याने सुरू होते.

२५/
२०१९ च्या आरंभी केंद्र सरकारने नियम सैल केले : भूगर्भात तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय पदांवर स्त्रिया काम करू शकतात, लेखी संमती घेऊन. संमती! १९२९, १९३७, १९४३, १९४६ आणि १९५२ या पाचही वळणांवर जी गोष्ट नव्हती, ती निदान कागदावर आली. मात्र ज्या बायकांनी टोपल्या वाहिल्या त्यांच्या नाती अभियंत्या होईपर्यंत हे दार त्यांच्यासाठी उघडलेले नाही, हेही नोंदवावे.

२६/
सारांश काढायचा तर तीन प्रश्नांत काढतो. कोणत्याही स्थलांतराची कथा वाचताना विचारा : एक, जाताना बाईने मागे काय सोडले? दोन, नव्या जागी तिच्या श्रमाचा हिशेब तिच्या नावाने होतो का? तीन, नियम बदलला तेव्हा तिची परतीची वाट रुंदावली की अरुंद झाली? घराचे उत्पन्न वाढले का, हा चौथा प्रश्न. तो महत्त्वाचा आहेच; पण तो एकटाच विचारला, तर माझ्या आजीची गोष्ट सुखान्त ठरते.

२७/
अभिलेखागारात टबांची संख्या सापडते, टनांचे आकडे सापडतात, खाण कायद्यांची कलमे सापडतात. पगाराच्या संध्याकाळी पाकीट कोणी उघडले, हे तिथे सापडत नाही. ते आपल्या घरांत आहे, आणि ज्यांना ते माहीत आहे त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. घुग्घुस, बल्लारपूर, वणी, माजरी, राजुरा, कुठलेही असा, घरातल्या आजीला एकदा विचारा : "तुझा पगार कोणाच्या हातात यायचा?" उत्तर तिच्याच बोलीत लिहून ठेवा, तारीख घाला.

२८/
मागच्या आठवड्यात मी आजीसोबत सिंदेवाहीच्या गाडीत बसलो. आता महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण मोफत. वाहकाने तिचे ओळखपत्र पाहिले आणि शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले, पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाली, "हे बरं हाय. आता कोणाले सांगाचंबी काम नाही."

थ्रेड समाप्त. आपल्या घरच्या नोंदी खाली जरूर लिहाव्यात; चुका आढळल्यास दाखवून द्याव्यात.